नेल्सनला नेलेली शेवंती

नेल्सनला कुणाकडे पाहुणे म्हणून जाणार असाल तर काय न्यावं हे मला विचारू नका. काय नेऊ नये ते मात्र मी छातीठोकपणे सांगते. इटालियन माणसाच्या घरी शेवंती नेऊ नये. मी नेली. चांगली भरगच्च, पिवळीधमक, दोन जुड्या. पुढे जे झालं ते सांगायलाच हे लिहायला बसले आहे. निसर्गवर्णन मला जमत नाही, आणि न्यूझीलंडच्या निसर्गाचं माझ्यावाचून काही अडलेलंही नाही.

ही गोष्ट २००६ सालच्या उन्हाळ्यातली. तिकडचा उन्हाळा म्हणजे आपला फेब्रुवारी. माझी लेक मंजिरी ऑकलंडला पापाटोएटोमध्ये राहते आणि एक वर्षाआड मी तिच्याकडे जाऊन राहते. सकाळी सगळे आपापल्या कामाला गेले की घरात मी आणि वॉशिंग मशीन. माझी सगळी नोकरी सोलापूरच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये झाली. ट्रंक कॉलच्या काळात कानावर काय काय पडायचं! लग्नं मोडायची, माणसं जायची, आणि आम्ही कोऱ्या चेहऱ्याने "थ्री मिनिट्स ओव्हर" म्हणायचो. तेव्हापासून दुसऱ्याच्या घरातल्या भानगडीत पडायचं नाही ही माझी सवय. नेल्सनला ती मोडली.

लीना मला भाजीच्या दुकानात भेटली. पापाटोएटोच्या एका रस्त्यावर आपली दुकानं ओळीने आहेत, तिथे ही गोरी, उंच बाई मेथीची जुडी नाकाशी धरून उभी. "याचं करतात काय?" तिने मला विचारलं. मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती घरी येऊन मेथीची भाजी खाऊन गेली. रिटायर्ड नर्स, एकटी राहणारी, आईवडील इटलीहून आलेले. मग आमचं ठरूनच गेलं. दर मंगळवारी ट्रेनने पापाकुऱ्याला जायचं, चहा प्यायचा आणि परत यायचं. पापाकुऱ्यात बघण्यासारखं काही नाही, म्हणूनच आम्हाला ते आवडायचं. बोलण्यात व्यत्यय येत नसे.

अशाच एका मंगळवारी टाकानिनीची नवी घरं खिडकीतून मागे पडत असताना लीना म्हणाली, "या वीकेंडला माझ्याबरोबर नेल्सनला माझ्या आईकडे चल. शनिवारी आम्ही वर्षभराचा टोमॅटो सॉस करतो. आणि रविवारी पापाचा दगड आहे."

दगड म्हणजे कबरीवरचा. तिचे वडील डोमेनिको आदल्या वर्षी फेब्रुवारीतच गेले होते. वर्ष झाल्यावर दगड बसवायचा, पाद्रीबाबा येऊन चार शब्द म्हणणार, नेल्सनमधली सगळी इटालियन घरं जमणार. म्हणजे आपलं वर्षश्राद्धच. पण लीनाचा घोर वेगळाच होता. त्यांच्यात नवरा गेला की बायको दर रविवारी कबरीवर जाते. आणि लीनाची आई कार्मेला वर्षभरात एकदाही गेली नव्हती. अंत्यविधीच्या दिवशीसुद्धा गाडीतून उतरली नाही, काच वर करून बसून राहिली.

"रविवारीही नाही आली तर लोक काय म्हणतील ते सोड," लीना म्हणाली, "पण पापा तिथे एकटाच पडलाय गं. मला झोप लागत नाही."

"मग मी येऊन काय करू?"

"पाहुण्यांसमोर ममा आरडाओरडा करत नाही. तुझ्यासमोर तिला 'नाही' म्हणता येणार नाही."

म्हणजे मला बुजगावणं म्हणून उभं करायचं होतं. मी म्हटलं, चला, तेवढं जमेल.

शुक्रवार

लीना एक दिवस आधीच गेली होती. मी शुक्रवारी दुपारच्या विमानाने एकटी निघाले. कुणाकडे रिकाम्या हाताने जायचं नाही, तेव्हा सोलापुरी शेंगाचटणीचा डबा पिशवीत टाकला. तरी पहिल्यांदाच जातोय, घरात वयस्क बाई आहे, फुलं हवीत असं वाटलं. मंजिरीच्या घराजवळच्या फुलांच्या दुकानात गेले. तिथली निम्मी फुलं मला प्लास्टिकची वाटतात. पण कोपऱ्यातल्या बादलीत शेवंती दिसली आणि गावाकडचं कुणी भेटावं तसं झालं. एके काळी शेवंतीची वेणी माळल्याशिवाय मी ड्युटीवर गेले नाही. आमचे हे गेले तेव्हापासून अंबाड्यात फूल नाही. कुणी बंदी घातली नव्हती, मंजिरी तर उलट रागावते. पण हात वर जात नाही, हे खरं. म्हटलं, आपल्या नाही तर नाही, दुसऱ्याच्या आईच्या तरी उपयोगाला येईल.

ते पंख्याचं छोटं विमान, मांडीवर फुलं आणि पायाशी चटणी. नेल्सनला उतरले तर लीनाचा भाऊ टोनी घ्यायला आलेला, चड्डी, बनियन आणि पायात जँडल्स. तिकडे रबरी चपलांना जँडल्स म्हणतात आणि त्या घालून माणसं बँकेतसुद्धा जातात. टोनीने माझी पिशवी उचलली. मग फुलांकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.

"ही ममाला?"

"हो."

"घरी द्यायची?"

"म्हणजे काय, हातातच देणार."

त्याने पिशवी मागे टाकली. "स्वीट ॲज," म्हणाला आणि गाडी सुरू केली. याचा अर्थ 'छान' असा होतो हे मला माहीत होतं. 'आता माझं काही चालत नाही' असाही होतो, हे त्या दिवशी कळलं. किवी पुरुष आणि आपले पुरुष यांत हा एक फरक आहे. आपल्याकडच्याने विमानतळावरच मला चार गोष्टी सुनावल्या असत्या आणि पुढचं सगळं टळलं असतं.

घर शहराच्या ज्या भागात होतं तिथे एके काळी इटालियन लोकांची टोमॅटोची काचघरं रांगेने होती म्हणे. आता बंगले झालेत. कार्मेलाच्या परसात मात्र अजून दोन काचघरं उभी. आत शिरलं की टोमॅटोच्या पानांचा वास अंगावर येतो आणि घाम फुटतो. मला सोलापूरच आठवलं. दारात कार्मेला उभी होती. ठेंगणी, सगळा पोशाख काळा, हातावर पिठाचे डाग. मी हसून दोन्ही जुड्या तिच्या हातात दिल्या. "फॉर यू," म्हटलं.

आत स्वयंपाकघरात लीनाच्या हातातलं फडकं हवेतच राहिलं. टोनी छताकडे बघू लागला. कार्मेलाने फुलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे नीट, वरपासून खालपर्यंत. "ग्रात्सिए," म्हणून तिने आभार मानले, मागच्या दाराने बाहेर गेली आणि पायरीजवळच्या बादलीत फुलं ठेवून आली. दार लावून घेतलं. मग म्हणाली, "बसा. जेवा."

मला वाटलं, बाईचा स्वभाव तुटक असेल. जेवायला बसलो. ताटभर स्पॅगेटी आली, वर टोमॅटो आणि तुळशीसारखी पानं. मी शाकाहारी, मला वाटलं हेच जेवण. पानात टाकायचं नाही या आपल्या वळणाने सगळं संपवलं, आग्रह झाला म्हणून आणखी घेतलं. त्यानंतर मासे आले, मग वांग्याची थाळी, मग सॅलड, मग चीज, मग फळं. स्पॅगेटी ही नुसती सुरुवात होती! वांगी माझ्यासाठी मुद्दाम केलेली. "मान्जा, मान्जा," खा, खा, असं कार्मेला समोर उभी राहून म्हणत होती. मी खाल्ली. कशी खाल्ली ते माझं मला माहीत.

रात्री खोलीत लीना आली आणि दार लोटून पलंगावर बसली. "शालन, ती फुलं आमच्यात फक्त मेलेल्यांना नेतात," म्हणाली. "फक्त कबरीवर. घरात आणत नाहीत. जिवंत बाईच्या हातात तर कधीच देत नाहीत."

वर्षभर ज्या घरात कबर हा शब्द सगळे जपून टाळत होते, तिथे मी पहिल्या पावलाला तो बाईच्या हातात ठेवला होता, वर 'तुमच्यासाठी' म्हणून.

"अगं, मग विमानतळावर टोनीने सांगायचं नाही का?"

"त्याला वाटलं, मीच तुला आणायला सांगितली असतील. ममाला डिवचायला." लीना हसली पण डोळे भरले होते. "आता तर ती उंबराही ओलांडणार नाही. मी तिला ओळखते."

मला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती. सकाळी उठून परत जावं असं फार वाटलं.

शनिवार

उठले तेव्हा परसात सगळी तयारी मांडलेली. टोमॅटोचे क्रेट एकावर एक, एक मोठं लोखंडी पिंप, खाली लाकडं. टोमॅटो धुवायचे, चिरायचे, यंत्रातून काढायचे म्हणजे साल आणि बिया एकीकडे, रस एकीकडे. मग तो बिअरच्या जुन्या बाटल्यांत भरायचा, प्रत्येक बाटलीत एक पान तुळशीचं, झाकण ठोकायचं, आणि बाटल्या गोणपाटात गुंडाळून पिंपात उकळायच्या. आपल्याकडे उन्हाळ्यात कुरडया-पापडांना जशा बायका जमतात तशा इथे शेजारपाजारच्या जमल्या होत्या. फरक इतकाच की आपल्याकडे पुरुष त्या दिवशी घराबाहेर सटकतात, इथे त्यांना जाळ घालायला बसवतात. ते काम डोमेनिकोचं असे. यंदा टोनी करत होता आणि सगळ्या बायका त्याला शिकवत होत्या.

कार्मेलाने मला आपल्या शेजारी बसवलं आणि हातात सुरी दिली. तिचं इंग्रजी जवळजवळ साठ वर्षांनंतरही तोडकं, माझं टेलिफोनचं. त्यामुळे आमचं बरं जमलं, लांबण लावायची सोयच नव्हती. मधे तिने चटणीचा डबा उघडला, बोट बुडवून चाटलं, डोळ्यांत पाणी आलं, पुन्हा बुडवलं. आवडलेली दिसली. बादली पायरीशी तशीच होती आणि दोघींचंही तिकडे लक्ष होतं. शेवटी मीच धीर केला.

"ती फुलं. मला माहीत नव्हतं. माफ करा."

ती चिरत राहिली.

"आमच्याकडे ती बायका केसांत घालतात."

तिची सुरी थांबली. "केसांत?"

"केसांत."

"जिवंत बायका?"

"जिवंत. लग्नात, सणाला. मी तर रोज कामाला जाताना."

"मादोन्ना!" ती ओरडली आणि तिला असं हसू फुटलं की पोट धरून वाकली. शेजारणींना इटालियनमध्ये सांगितलं, त्याही हसायला लागल्या. यंत्राजवळ उभी असलेली लीना वळून बघतच राहिली. वर्षभरात आईला हसताना तिने पाहिलं नव्हतं, हे तिने मला मागाहून सांगितलं.

हसू ओसरल्यावर कार्मेलाने माझ्या अंबाड्याकडे बघितलं. "आता का नाही?"

"नवरा गेला."

"म्हणून?"

"आमच्यात नाही घालत."

"तुझी मुलगी नको म्हणते?"

"छे, ती घाल म्हणते."

"सासू?"

"ती कधीच गेली."

"मग बघतं कोण?" तिने अगदी सरळ विचारलं. मी दोन टोमॅटो उगाच बारीक चिरले. मग मलाही राग आला. मोठी आली मला विचारणारी!

"तुम्ही का नाही जात त्यांच्याकडे?" मी म्हटलं. लीनाने आवाज ऐकला असावा. तिने यंत्र बंद केलं.

आता बाई सुरी फेकते की काय, असं वाटलं. पण कार्मेला हळूच, जमिनीकडे बघत बोलायला लागली. तिचं इटलीतलं गाव समुद्रावरचं. लग्न होऊन इथे आली तेव्हा डोमेनिको म्हणाला, पुढच्या वर्षी नेतो माहेरी भेटवायला. उन्हाळ्यात टोमॅटो सोडता येत नाहीत. हिवाळ्यात काचघरं गरम ठेवणारी शेगडी सोडता येत नाही. पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी. तिची आई गेली, बहीण गेली. गेल्या वर्षी तिकिटं निघाली. आणि हा बाबा काचघरात टोमॅटो बांधताना खाली पडला तो उठलाच नाही.

"मी गेले तर ओरडेन त्याच्यावर," ती म्हणाली. "कबरीवर ओरडत नाहीत. रडतात, प्रार्थना करतात. मला रडू येत नाही. मला राग येतो."

खोटं कशाला सांगू, आमचे हे गेले तेव्हा मलाही आधी रागच आला होता. मला न विचारता, न सांगता, सकाळचा पेपर अर्धा वाचून गेले. रडू फार मागाहून आलं. हे मी तोवर कुणाला बोलले नव्हते, मंजिरीलासुद्धा नाही. त्या बाईला सांगितलं. तिला किती कळलं देव जाणे, पण ती मान हलवत होती.

"मग ओरडा," मी म्हटलं. "बघतं कोण?"

तिने सुरी खाली ठेवली. मग उठली, टोनीच्या हातातलं लाकूड हिसकावून घेतलं आणि जाळ तिसऱ्याच बाजूने घातला. रात्री जेवताना लीनाने, उद्या अकराला निघायचं, असं घाबरत घाबरत सांगितलं. कार्मेला म्हणाली, "मीठ दे."

रविवार

सकाळी लीनाने मला हलवून उठवलं. "ममा नाहीये!"

खोली रिकामी, पलंग आवरलेला, न्हाणीघरात नाही, काचघरांत नाही. पलीकडच्या बाईने तिला टॅक्सीत बसताना पाहिलं होतं. लीनाला रडू कोसळलं. आई कुठे तरी निघून गेली, दगडापासून पळाली, आणि हे सगळं आपल्यामुळे, असं काय काय ती बोलत होती. टोनी गाडीची किल्ली शोधत होता. मी मागच्या दारात गेले.

"लीना," मी हाक मारली, "बादली बघ."

बादलीत नुसतं पाणी होतं.

कब्रस्तान टेकडीवर आहे, तिथून समुद्र दिसतो. फाटकापाशी टॅक्सी उभी होती, ड्रायव्हर बोनेटला टेकून निवांत पाव खात होता. आणि आत, नव्या दगडासमोर, कार्मेला. काळा कोट, एक हात कमरेवर, पर्स दगडाच्या डोक्यावर ठेवलेली. आणि काय ओरडत होती! आपल्या गावच्या बोलीत, हात हलवत, बोट नाचवत. मधेच समुद्राकडे बोट दाखवून त्याला काही तरी विचारायची, उत्तराला थांबायची, आणि पुन्हा सुरू. लीना धावणार होती. टोनीने तिचा दंड धरला.

"काय म्हणतायत?" मी हळूच विचारलं.

"म्हणतेय, शेगडी... तुझी ती शेगडी..." लीनाला पुढे बोलता आलं नाही. तिने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं.

एकेक करून माणसं येऊ लागली. सुटाबुटातले म्हातारे, काळ्या पोशाखातल्या बायका, पाद्रीबाबा. सगळे फाटकाशीच उभे राहिले. कुणी पुढे गेलं नाही. मीही कोरा चेहरा ठेवून उभी होते. पण तीन मिनिटं झाली म्हणून ही लाइन तोडायची माझी छाती झाली नसती.

मग तिचा आवाज बसला. ती खाली बसली, शेवंतीचे देठ एकेक करून मोडून दगडापुढच्या भांड्यात लावू लागली. रुमाल ओला करून दगड पुसला. तो आदल्याच दिवशी बसवलेला, पुसण्यासारखं काही नव्हतंच. तरी पुसला, नावाच्या अक्षरांतून बोट फिरवून पुसला. तिची पाठ हलायला लागली तेव्हा लीना धावली आणि यावेळी टोनीने अडवलं नाही.

थोड्या वेळाने कार्मेला उठली, नाक शिंकरलं आणि आमच्याकडे वळून म्हणाली, "काय बघताय? सुरू करा." पाद्रीबाबांनी घाईघाईने पुस्तक उघडलं.

सगळं आटोपल्यावर लोक तिला भेटत होते, गालाला गाल लावत होते. ती त्यांतून वाट काढत सरळ माझ्यापुढे आली. पर्स उघडली. आत रुमालात गुंडाळलेलं एक शेवंतीचं फूल होतं.

"मी आले," ती म्हणाली. "आता तू."

कब्रस्तानात उभी, भोवती अनोळखी माणसं, आणि केसांत फूल. आपल्याकडे अशा ठिकाणाहून आल्यावर आधी अंघोळ करतात. माझा हात अडवायला वर गेला आणि तसाच खाली आला. तिने टाचा उंचावून माझ्या अंबाड्यात फूल खोचलं, स्वतःच्या केसांतला आकडा काढून घट्ट बसवलं, आणि मागे सरून बघितलं.

"बेल्ला," म्हणाली. सुंदर. मला रडू आलं. सगळ्यांसमोर आलं आणि मी येऊ दिलं.

संध्याकाळचं विमान होतं. टोनीने पिशवीत सॉसच्या चार बाटल्या भरल्या. ऑकलंडला मंजिरी नातीला घेऊन आली होती. रेवा सहा वर्षांची, मराठी सगळं कळतं, बोलते इंग्रजी. लांबूनच ओरडली, "आज्जी, यू हॅव अ फ्लॉवर इन युअर हेअर!"

मंजिरीने माझ्या हातातली पिशवी घेऊन खाली ठेवली आणि ती माझ्या मागे येऊन उभी राहिली. आकडा जरा सैल झाला होता, तो तिने नीट केला.

"सुकलंय गं हे, आई."

"माहितीये," मी म्हटलं. "उद्या ताजं आणू."